घर स्वच्छ करण्याचीं घरगुती साधनें

पावसाळा सरला म्हणजे घरोघरीं साफसफाईस आरंभ होतो. भिंतींवर बुरशी चढलेली असते, तांब्याचे हंडे काळवंडलेले असतात, व गोधड्यांना कुबट वास येतो. अशा वेळीं दुकानांतील रंगीत बाटल्यांकडे पुष्कळांची दृष्टि जाते. परंतु राख, रिठा, चिंच व चुना हीं साधनें अल्प खर्चांत मिळण्यासारखीं आहेत. यांपैकीं प्रत्येक साधन कोणतें काम करितें व कोणतें करीत नाहीं, याचा आम्ही या पाठांत विचार करणार आहों. हा भेद न समजल्यामुळें कित्येकदां घर स्वच्छ दिसतें, पण घरांतील मूल आजारी पडतें.

१. राख. लाकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट नांवाचा क्षार असतो. त्याच्या योगानें भांड्याचा ओशटपणा सुटून पाण्याबरोबर निघून जातो, आणि राखेचे बारीक कण भांडें घासून काढितात. राख चाळून घ्यावी, म्हणजे खड्यांचे ओरखडे पडणार नाहींत. ॲल्युमिनियमच्या भांड्यांस मात्र ती लावूं नये. क्षारानें तीं काळीं पडतात. ज्या चुलींत प्लॅस्टिक किंवा रंग दिलेलें लाकूड जाळलें असेल, तिची राख वर्ज्य समजावी.

२. रिठा. याच्या टरफलांत सॅपोनिन नांवाचें फेसाळ द्रव्य असतें. सुमारें १० रिठ्यांच्या बिया काढून टाकाव्या, टरफलें १ लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावीं, व सकाळीं १५ मिनिटें उकळून पाणी गाळून घ्यावें. लोकरीच्या व रेशमी वस्त्रांस हें पाणी उत्तम. तें डोळ्यांत गेल्यास फार झोंबतें, म्हणून मुलांनीं जपावें. उरलेलें पाणी ओढ्यांत ओतूं नये, मासे मरतात.

३. चिंच. तांब्यावरील काळा थर म्हणजे तांबें व हवेंतील प्राणवायु यांचा संयोग होय. चिंचेंतील आम्ल तो थर विरघळवितें. चिंच व मीठ चोळून भांडें लागलेंच भरपूर पाण्यानें धुवावें, कारण विरघळलेलें तांबें पोटांत जाणें अपायकारक आहे. तांब्यापितळेच्या भांड्यास कल्हई नसल्यास त्यांत ताक किंवा आमटी ठेवूं नये, असें घरांतील वडील माणसें सांगतात त्याचें कारण हेंच.

४. चुना. कळीचा चुना पाण्यांत विरवितांना अतिशय उष्णता उत्पन्न होते व पाणी उकळून उडतें. म्हणून मुलांस दूर ठेवावें व डोळे संभाळावे. ताज्या सफेदीच्या तीव्र क्षारानें बुरशी व पुष्कळ जंतु मरतात. पुढें हवेंतील कार्बनवायु शोषून तोच चुना दगडासारखा कठीण होतो व त्याची ही शक्ति जाते. म्हणून सफेदी दरवर्षीं नवी द्यावी लागते.

शेणाविषयीं दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. सारवणानें धूळ बसते व जमीन घट्ट राहते, हें खरें. पण त्यानें जंतु मरतात हा समज चुकीचा आहे. उलट शेणांत व मातींत धनुर्वाताचे जंतु असूं शकतात. तान्ह्या मुलाच्या नाळेस किंवा कोणाच्याहि जखमेस शेण अथवा राख कदापि लावूं नये. सारवण झाल्यावर हात साबणानें धुवावे, व गरोदर स्त्रीनें धनुर्वाताची लस टोचून घ्यावी.

स्वच्छ दिसणें आणि निर्जंतुक असणें या दोन गोष्टी कशा भिन्न आहेत, हें व्हिएन्ना शहरांतील एका उदाहरणावरून कळून येईल. तेथील इस्पितळांत डॉक्टर सेमेलवाइस काम करीत असत. शवें तपासून आलेले वैद्य साबणानें हात धुवून बाळंतिणींस तपाशीत. तरी त्यांच्या हातांचा वास जात नसे. एप्रिल १८४७ मध्यें तेथील बाळंतिणींपैकीं शेंकडा १८ मरण पावल्या. मे महिन्यांत त्यांनीं क्लोरिनयुक्त पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला, आणि जूनमध्यें हें प्रमाण शेंकडा सुमारें २ वर आलें.

तेव्हां नियम असा लक्षांत ठेवावा: प्रथम मळ काढावा, मग जेथें रोगाची भीति आहे तेथें जंतु मारावे. आजाऱ्याचीं वस्त्रें व तान्ह्या मुलाची वाटी-चमचा धुवून मग पाण्यांत उकळावीं. इतर वस्तूंस राख, रिठा व कडक ऊन पुरेसें आहे.

शेवटीं एक इशारा. विहिरींत टाकावयाची ब्लीचिंग पावडर पुष्कळ घरीं असते. तिच्यांत लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचें आम्ल कधींहि मिसळूं नये. त्यांतून क्लोरिनवायु निघतो, आणि बंद मोरींत तो जीवघेणा ठरूं शकतो. चुकून तसें झालेंच, तर काम टाकून तत्काळ मोकळ्या हवेंत यावें. लिंबू झाडाचें फळ आहे एवढ्यावरून तें सर्वत्र निर्धोक ठरत नाहीं.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न
१. राख कोणत्या भांड्यांस लावूं नये, व कां?
२. चिंचेनें उजळलेलें भांडें लागलेंच कां धुवावें?
३. सारवलेल्या घरांतहि नाळेची काळजी कां घ्यावी?
४. आपल्या घरीं कोणत्या वस्तु उकळणें अगत्याचें आहे?