जळूच्या आतड्यातील जिवाणू : वर्गीकरण आणि जलौकावचरण

— वैद्य (बी.ए.एम.एस.), सात रस्ता, सोलापूर

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात जलौकांचे बारा प्रकार वर्णिले असून त्यांपैकी सहा सविष व सहा निर्विष आहेत. वर्ण, आकृती व निवासस्थान यांवर आधारलेल्या या वर्गीकरणाचा हेतू व्यावहारिक आहे : कोणती जळू रुग्णास लावावी व कोणती लावू नये. गेल्या काही दशकांत जळूच्या आतड्यातील जिवाणूंचेही वर्गीकरण झाले आहे. जलौकावचरण करणाऱ्या प्रत्येक वैद्याने ते जाणून घेणे आवश्यक आहे, कारण हेच जिवाणू दंशव्रणात शिरून संसर्ग घडवू शकतात.

जिवाणूची जाती कशी ठरते?

जिवाणूंत बाह्य रूपावरून फारसा भेद करता येत नाही. म्हणून प्रथम त्याचे शुद्ध संवर्धन करून पोषण, वाढीचे तापमान व रासायनिक क्रिया तपासतात. त्यानंतर ‘१६ एस’ या सुमारे १५०० घटकांच्या जनुकाची ज्ञात जिवाणूंशी तुलना करतात. हे साम्य सुमारे ९८.७ टक्क्यांहून कमी असल्यास जाती नवी असण्याचा संभव मानतात. साम्य त्याहून अधिक असल्यास संपूर्ण डीएनएची तुलना करावी लागते. तेथे ९५ ते ९६ टक्के ही जातींमधील सीमारेषा मानली जाते. नव्या जातीचा नमुना दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहालयांत ठेवावा लागतो, जेणेकरून कोणासही तो पुन्हा तपासता यावा.

नाव बदलत गेले

युरोपीय जळूतील जिवाणूस १९५३ मध्ये जर्मन संशोधकांनी ‘स्यूडोमोनास हिरुडिनिस’ असे नाव दिले. पुढे त्यास ‘एरोमोनास हायड्रोफिला’ म्हटले गेले. १९९९ मध्ये यॉर्ग ग्राफ यांनी तो ‘एरोमोनास व्हेरोनाय’ असल्याचे दाखविले. ऑक्सिजनविना वाढणारा दुसरा सहवासी जिवाणू २०१५ मध्ये ‘म्युसिनिव्होरान्स हिरुडिनिस’ या नव्या प्रजातीत ठेवण्यात आला. खुद्द जळूचीही ओळख चुकली होती. युरोपातून ‘हिरुडो मेडिसिनॅलिस’ या नावाने विकली जाणारी जळू प्रत्यक्षात ‘हिरुडो व्हर्बाना’ असल्याचे २००७ मध्ये सिद्ध झाले.

पुण्यातील उदाहरण

पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी डासांच्या आतड्यातून मिळालेल्या जिवाणूचे ‘एरोमोनास क्युलिसिकोला’ ही नवी जाती म्हणून २००२ मध्ये वर्णन केले. संग्रहालयातील नमुना उपलब्ध असल्याने इतर संशोधकांनी त्याची फेरतपासणी केली. १९८७ मध्ये वर्णिलेल्या ‘एरोमोनास व्हेरोनाय’हून तो वेगळा नाही, असा निष्कर्ष २००५ मध्ये निघाला. आधीचे नाव ग्राह्य धरावे या नियमाने पुण्याचे नाव मागे पडले. यात मूळ संशोधनास कमीपणा येत नाही. एरोमोनासच्या जाती ‘१६ एस’ जनुकात परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की केवळ त्या आधारे त्यांचा निर्णय होत नाही. आपल्यासाठी बोध असा की डासाच्या व जळूच्या आतड्यात एकाच जातीचे जिवाणू आढळतात आणि तीच जाती माणसात अतिसार, व्रणसंसर्ग व क्वचित रक्तसंसर्गही घडवू शकते.

चिकित्सेत उपयोग

भारतात वापरली जाणारी जळू मुख्यतः ‘हिरुडिनेरिया’ या वेगळ्या प्रजातीची आहे. युरोपीय जळूवरील निष्कर्ष तिला जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे. मात्र एरोमोनासचा धोका गृहीत धरूनच कर्म करावे.

१. सुश्रुतोक्त वमनाने जळूने प्यालेले रक्त बाहेर पडते, परंतु तिच्या आतड्यातील जिवाणू नष्ट होत नाहीत. हळदीच्या पाण्याने धुतल्यानेही केवळ बाह्य शुद्धी होते. म्हणून एका रुग्णास लावलेली जळू दुसऱ्यास कदापि लावू नये. त्याच रुग्णासाठी ठेवावयाची असल्यास स्वतंत्र, नावाची चिठ्ठी लावलेल्या भांड्यात ठेवावी. वाग्भटोक्त सात दिवसांचे अंतर पाळावे.

२. अनियंत्रित मधुमेह, यकृतविकार, तीव्र पांडू, रक्त पातळ करणारी औषधे, तसेच रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेले रुग्ण यांत हे कर्म टाळावे.

३. दंशस्थानी वाढती लाली, सूज, पू वा ज्वर दिसल्यास विलंब न करता रुग्णास रुग्णालयात पाठवावे व ‘जळू लावली होती’ असे पत्रात स्पष्ट लिहावे. एरोमोनासवर अॅम्पिसिलिन व अॅमॉक्सिसिलिन सहसा परिणाम करीत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिनला न जुमानणारे जिवाणूही जळूत आढळले आहेत. त्यामुळे अंदाजाने प्रतिजैविक देण्याऐवजी पुवाचे संवर्धन करून औषध ठरविणे श्रेयस्कर.

४. जळवा पुरविणाऱ्या औषधालय-मालकांनी प्रत्येक खेपेचे मूळ ठिकाण व दिनांक नोंदवावा, मग जळवा स्थानिक तळ्यातील असोत वा बाहेरगावाहून मागविलेल्या. दर तीन दिवसांनी पाणी व सात दिवसांनी भांडे बदलावे, हा सुश्रुताचार्यांचा निर्देश आजही तंतोतंत पाळण्याजोगा आहे. वापरलेली जळू परत घेऊन विकू नये. ती जैववैद्यकीय कचऱ्यातच जावी.

सविष व निर्विष हा भेद डोळ्यांनी पाहता येतो; आतड्यातील जिवाणूंचा भेद प्रयोगशाळाच सांगू शकते. निर्विष जळू निवडली म्हणजे ती निर्जंतुक झाली, असा समज वैद्यबांधवांनी ठेवू नये. शास्त्रोक्त निवड व आधुनिक स्वच्छता या दोहोंची सांगड घातल्यासच जलौकावचरण रुग्णास सुखावह ठरेल.