रतामाच्या झुडपाखालचा एलिया : खचलेल्याला धीर कसा द्यावा?

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-१८



आपल्या शेजारी एखाद्याची नोकरी जाते, कोणाचे लग्न मोडते, कोणाच्या घरी तरुण मूल दगावते. कधी बाहेरून काहीच घडलेले दिसत नाही, तरी एखादी व्यक्ती हळूहळू बोलेनाशी होते. मिस्साला येणे थांबते. समूहाच्या सभेत ती दिसत नाही. मग आपण तिच्या घरी जातो आणि पहिल्या पाच मिनिटांतच सांगून मोकळे होतो, "देवावर भरवसा ठेव, सगळं ठीक होईल. लोकांना याहून मोठी दुःखं आहेत." हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्याच्या दुःखात आणखी एका गोष्टीची भर पडते : आता आपला विश्वासही कमी पडला!

खचलेल्या माणसाशी देव स्वतः कसा वागला, हे एलिया संदेष्ट्याच्या कथेत फार बारकाईने सांगितले आहे. एलिया काही कच्च्या विश्वासाचा माणूस नव्हता. कर्मेल डोंगरावर त्याने बालाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकट्याने उभे राहून प्रार्थना केली आणि स्वर्गातून अग्नी उतरला. त्यानंतर लगेच ईजबेल राणीची धमकी आली आणि हाच माणूस जीव घेऊन पळाला. बैरशेबात त्याने आपल्या सेवकालाही मागे ठेवले, एकटाच दिवसभराची वाट चालून रानात गेला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला. सेवकाला मागे ठेवण्याची गोष्ट आपण सहज वाचून पुढे जातो. परंतु निराशेची हीच पहिली खूण आहे. माणूस सोबत नाकारू लागतो.

आता देव काय करतो ते पाहा. तो एलियाला रागावत नाही. कर्मेलची आठवण करून देत नाही. मरण्याची विनंती मान्य करत नाही, आणि तिच्यावर वादही घालत नाही. तो त्याला झोपू देतो. मग देवदूत येऊन त्याला स्पर्श करतो आणि उठून खायला सांगतो, एवढेच. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलिया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो! देवदूत त्यालाही हरकत घेत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा स्पर्श करतो, पुन्हा खायला सांगतो, आणि वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे हे कबूल करतो. उपदेश अजून सुरूच झालेला नाही. ज्या घरात कोणी दहा रात्री झोपलेले नाही, तिथे पेज घेऊन जाणारी आणि न बोलता भांडी घासून परत येणारी शेजारीण देवदूताचेच काम करत असते, असे मला वाटते.

चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर, देव बोलतो. तेही प्रश्न विचारून. तू इथे काय करतोस? एलिया सगळी तक्रार ओततो : मी इतकी आस्था बाळगली, लोकांनी करार मोडला, मी एकटाच उरलो. वारा, भूकंप, अग्नी होऊन जातात, मग मंद वाणी येते, आणि देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो. एलिया शब्दशः तीच तक्रार पुन्हा करतो. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. (अ वर्षाच्या सामान्यकाळातील १९ व्या रविवारी हा उतारा वाचला जातो तेव्हा नेमकी ही तक्रार वगळलेली असते. घरी बायबल उघडून पूर्ण अध्याय वाचावा.) आपण मात्र तीच गोष्ट दुसऱ्यांदा ऐकताना घड्याळाकडे पाहू लागतो. ऐकून झाल्यावर देव त्याला पेलेल असे काम देतो, अलीशा नावाचा सोबती देतो, आणि बालापुढे गुडघे न टेकलेले ७००० लोक आहेत हे सांगतो. तू एकटा नाहीस, हे शब्द सर्वांत शेवटी येतात.

ईयोबाच्या मित्रांनी सुरुवात अगदी योग्य केली होती. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (ईयोब २:१३). तोंड उघडून दुःखाची कारणे सांगू लागले तिथे ते चुकले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला. प्रभू येशूनेही गेथशेमाने बागेत, जीव मरणप्राय व्याकूळ झाला असता, पेत्र आणि जब्दीचे दोन्ही पुत्र यांच्याकडे कसलाही सल्ला मागितला नाही. आपल्याबरोबर जागे राहा, एवढेच मागितले. पोप बेनेडिक्ट १६ वे यांनी २००७ सालच्या 'स्पे साल्वी' या परिपत्रकात सांत्वनासाठी असलेल्या लॅटिन शब्दाची फोड करून दाखवली आहे. 'कोन्सोलात्सिओ' म्हणजे दुसऱ्याच्या एकटेपणात त्याच्याबरोबर असणे, की मग तो एकटेपणा एकटेपणा राहत नाही.

काही जण विचारतात, निराशा हे पाप आहे ना? धर्मशिक्षण ग्रंथात ज्या निराशेला पाप म्हटले आहे ती वेगळी : देव मला तारू शकेल अशी आशाच माणूस सोडून देतो ती. मनाचा आजार, अतीव दुःख, झोप उडणे, रडूही न येणे, याला पाप म्हणून कोणाच्या माथी मारू नये. ८८ वे स्तोत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळोखात आहे आणि काळोखातच संपते. तरी ख्रिस्तसभा ते प्रार्थना म्हणून म्हणते. संत इग्नेशियस यांना मान्रेसा येथे जीव देण्याचा मोह पुन्हा पुन्हा होत असे, हे त्यांनी आपल्या आत्मकथनात सांगितले आहे. पुढे त्यांनीच नियम घालून दिला की खिन्नतेच्या काळात पूर्वी केलेला निश्चय बदलू नये. बाळ येशूची संत तेरेजा १८९७ मध्ये शेवटच्या आजारात म्हणाली होती की विश्वास नसता तर मी क्षणाचाही विचार न करता जीव दिला असता. आणि असह्य वेदना होणाऱ्या रुग्णांजवळ विषारी औषधे ठेवू नका, असे तिने सिस्टरांना बजावले. चोविसाव्या वर्षी मृत्यू पावलेल्या या संतिणीचा हा सल्ला आजच्या डॉक्टरांच्या सल्ल्याशी तंतोतंत जुळतो.

म्हणून, कोणी "आता जगून काय करायचं?" असे म्हणाले तर विषय बदलू नये. "मावशी, जीव द्यावासा वाटतो का?" असे प्रेमाने, सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही समजूत चुकीची आहे. उलट बरेचदा मनावरचे ओझे हलके होते. उत्तर 'हो' असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातली औषधे आणि कीटकनाशके हाताशी राहू देऊ नयेत, कोणालाही न सांगण्याचे वचन देऊ नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही बोलता येते. गोळ्या घेणे म्हणजे विश्वासाची कमतरता नव्हे. मधुमेहाच्या गोळीला आपण असे म्हणत नाही. त्याच्याबरोबर रोझरी म्हणायची तर आधी विचारावे. त्याला म्हणवत नसेल तर "मी तुझ्या वतीने म्हणतो" असे सांगावे. पक्षाघाती मनुष्याला छपरातून खाली सोडले तेव्हा प्रभूने त्याला आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असे मार्कच्या शुभवर्तमानात आहे (मार्क २:५).

कधी कधी सगळे करूनही माणूस हातचा जातो. त्या घराकडे आपण पाठ फिरवतो, आणि याचे मला फार वाईट वाटते. १९१७ च्या धर्मविधी संहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारलेले होते. त्यामुळे जुन्या लोकांच्या मनात अजून ती भीती आहे. १९८३ च्या संहितेत तो नियम राहिलेला नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात (क्र. २२८२-२२८३) आत्महत्या गंभीर चूक आहे हे कायम ठेवून स्पष्ट सांगितले आहे की मानसिक आजार, तीव्र भय किंवा यातना यांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होते, तिच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये, फक्त देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो तिला पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा अशा मृतांसाठी प्रार्थना करते. तेव्हा अशा घरी जावे. "कसं झालं?" हे विचारू नये. गेलेल्याचे नाव घेऊन बोलावे, कारण ते नाव इतर कोणी घेत नाही. आणि नोव्हेंबरमध्ये मृत भाविकांसाठीच्या मिस्साला नाव द्यायला घरची मंडळी कचरत असतील तर शेजाऱ्याने त्यांच्याबरोबर फादरांकडे यावे.