संगणकाचे नाव कोणी मुक्रर करावे?

प्रश्न : आमच्या पर्यटक-निवासात एका सर्व्हरवर व तीन टेबलावरच्या संगणकांवर डेबियन लिनक्स बसविले. चौघांचेही नाव ‘डेबियन’ असे दिसते. ते बदलल्यास यंत्रणा बिघडेल काय?
— एक वाचक, कळंब (ता. वसई)

उत्तर : आपली भीती अनाठायी आहे. प्रणाली बसविताना विचारलेल्या नावाच्या रकान्यात आपण काही न लिहिता पुढे गेलात, म्हणून तेथे आधीच भरलेले ‘डेबियन’ कायम झाले; तो निर्मात्याचा हुकूम नव्हे. एकट्या घरगुती संगणकास ते राहिले तरी हरकत नाही, परंतु एकाच जाळ्यात चार समनामिक नांदू लागले, की राउटरच्या यादीत कोण कोणता हे उमगत नाही. सर्व्हरला तर नाव विचारपूर्वकच द्यावे. यंत्राला त्याच्या कामाचे वा आपले स्वतःचे नाव देऊ नये, असा सल्ला आरएफसी ११७८ या १९९० च्या टिपणात आहे, आणि तो मला आजही ग्राह्य वाटतो. कारण काम बदलते, नाव मात्र चिकटून बसते. शेजारची गावे काय वाईट? निर्मळ, राजोडी, भुईगाव, आणि सर्व्हरला अर्नाळा!

नाव मात्र रोमन लिपीतील लहान अक्षरे, अंक व मधली आडवी रेघ एवढ्यातच, त्रेसष्ट अक्षरांच्या आत बसवावे. ‘होस्टनेमसीटीएल’ आज्ञेने बदल केल्यावर ‘होस्ट्स’ फायलीतील १२७.०.१.१ पुढील जुने नावही दुरुस्त करावे, अन्यथा ‘सुडो’ कुरकुर करते. लॅपटॉप असल्यास व्यक्तिनाम टाळावे. परक्या वायफायला ते बिनदिक्कत कळू शकते.