सामोआचा खेळाडू परक्या जर्सीत का दिसतो?

प्रश्न : रग्बीचे सामने बघताना न्यूझीलंड, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, ज्या त्या संघात सामोआची आडनावं दिसतात. ही मुलं स्वतःच्या देशाकडून का खेळत नाहीत? त्यांचं करिअर घडतं तरी कसं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी एक खुलासा. यातले बरेच जण सामोआत जन्मलेलेच नसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना माणसं हवी होती, तेव्हा सामोआतून कुटुंबंच्या कुटुंबं ऑकलंडला गेली. त्यांची मुलं-नातवंडं तिथेच वाढली. त्यांना न्यूझीलंडची काळी जर्सी आपली वाटते, आणि ती आहेच त्यांची.

खरी गंमत बेटांवर वाढलेल्या मुलाची आहे. सामोआची लोकसंख्या जेमतेम दोन लाख. रग्बी तिथे 1920 च्या दशकात मारिस्ट पंथाच्या मिशनरी ब्रदर्सनी आणली, आणि 1924 मध्ये अपियाला फिजीविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. तो सकाळी सातला सुरू केला होता, कारण खेळाडूंना नंतर कामावर जायचं होतं! 1991 च्या विश्वचषकात याच देशाने (तेव्हाचं नाव पश्चिम सामोआ) वेल्सला कार्डिफमध्ये 16-13 असं हरवलं आणि थेट उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्या संघात ब्रायन लिमा नावाचा 19 वर्षांचा पोरगा होता. पुढे तो पाच विश्वचषक खेळला. असा तो जगातला पहिलाच.

पण देशात खेळून पोट भरेल अशी व्यावसायिक लीग नाही. मग चांगला खेळणारा मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी हेरला जातो. न्यूझीलंडमधली एखादी शाळा शिष्यवृत्ती देते, किंवा फ्रेंच क्लबची अकादमी बोलावते. तिथून करार मिळाला की तो कुटुंबाचा कमावता होतो. गिरणगावातून कोकणात जाणारी मनीऑर्डर आठवा. तसाच त्याच्या पगारातला वाटा दर महिन्याला घरी जातो. लग्न, मयत, चर्चची वर्गणी, भावंडांची फी, सगळं त्यात. बाहेरून येणारा पैसा हा सामोआच्या अर्थव्यवस्थेचा सुमारे चौथा हिस्सा आहे, त्यामुळे हे एकट्यादुकट्या घराचं चित्र नाही. उद्या गुडघा गेला तर काय, हा विचार बावीस वर्षांच्या मुलालाही करावा लागतो.

सगळेच लहानपणी जातात असंही नाही. थिओ मॅकफार्लंड आधी सामोआकडून बास्केटबॉल खेळला, मग रग्बीकडे वळला आणि 2021 मध्ये लंडनच्या सारासेन्स क्लबात पोचला. तो आजही सामोआचाच. उलट मनू तुईलागी. सामोआच्या सवाईई बेटावर 1991 मध्ये जन्मलेला हा मुलगा इंग्लंडमधल्या लेस्टरला खेळणाऱ्या थोरल्या भावाकडे सुट्टीच्या व्हिसावर गेला आणि तिथेच राहिला. 2010 मध्ये त्याला देशाबाहेर काढायची वेळ आली होती. ते टळलं, आणि पुढच्याच वर्षी तो इंग्लंडकडून खेळला. त्याचे पाच भाऊ मात्र सामोआकडून खेळले!

आता पैशाचं बघा. नोव्हेंबर 2017 मध्ये सामोआचा संघ लंडनला ट्विकनहॅमवर खेळायला गेला, तोवर त्यांच्या संघटनेने दिवाळखोरी जाहीर केली होती. इंग्लंडच्या खेळाडूला एका सामन्याचे सुमारे 22 हजार पौंड मिळत होते, सामोआच्या खेळाडूला आठवड्याला 650 च्या आसपास. तिकिटांचं उत्पन्न यजमानाचं, हा रिवाज. पाहुण्यांना इंग्लंडच्या संघटनेने 75 हजार पौंड सदिच्छा म्हणून दिले. ‘देश सोडला’ म्हणून त्या पोरांना बोल लावणाऱ्यांनी हे आकडे आधी वाचावेत.

पूर्वी एकदा दुसऱ्या देशाकडून आंतरराष्ट्रीय सामना खेळलं की परतीचा दरवाजा जवळपास बंदच व्हायचा. 1 जानेवारी 2022 पासून नियम बदलला. तीन वर्षं आंतरराष्ट्रीय सामना खेळला नसेल, आणि जन्म स्वतःचा किंवा आईबाप-आजीआजोबांचा त्या देशातला असेल, तर एकदा देश बदलता येतो. त्यामुळे 2023 च्या विश्वचषकात न्यूझीलंडकडून खेळलेले लिमा सोपोआगा आणि चार्ली फाउमुइना, तसाच ऑस्ट्रेलियाचा क्रिश्चन लिआलीफानो सामोआच्या संघात निवडले गेले. इंग्लंडविरुद्ध तो संघ 17-18 असा फक्त एका गुणाने हरला. माझ्या मते गेल्या काही वर्षांत रग्बीच्या कारभाऱ्यांनी केलेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम.

पुढचा विश्वचषक 2027 मध्ये ऑस्ट्रेलियात आहे. त्यातली 24 पैकी शेवटची जागा सामोआने नोव्हेंबर 2025 मध्ये दुबईला बेल्जियमशी 13-13 अशी बरोबरी करून मिळवली. सामने बघाल तेव्हा बाकीच्या संघांच्या याद्यांत खेळाडूंच्या जन्मगावांवरूनही एकदा नजर फिरवा.