पापनिवेदनाची सुरुवात आभाराने



पापनिवेदनात कोण काय सांगतो हे आम्ही कधीही बोलू शकत नाही. पण आमचे स्वतःचे सांगायला हरकत नाही. आम्हीही दुसऱ्या धर्मगुरूंपुढे गुडघे टेकतो, आणि सेमिनरीत असताना जी यादी वाचत होतो जवळजवळ तीच आजही वाचतो. राग, आळस, प्रार्थनेत लक्ष नसणे. लाज वाटते, थोडी भीतीही वाटते. उठून बाहेर येतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

पापाची किळस किंवा शिक्षेची भीती एवढ्यातूनच होणाऱ्या पश्चात्तापाला ख्रिस्तसभा 'अपूर्ण' म्हणते. ती तो नाकारत नाही, तीही देवाचीच देणगी मानते. देवावरील प्रेमातून उपजतो तो 'परिपूर्ण' पश्चात्ताप. प्रश्न असा की, भीतीतून प्रेमापर्यंत माणूस पोहोचतो कसा? स्वतःला आणखी दोष देऊन तर नक्कीच नाही. यहूदालाही पस्तावा झाला होता. चांदीची तीस नाणी त्याने परत नेऊन टाकली, आपण पाप केले हे कबूलही केले (मत्तय २७:३-५). पण क्षमा मिळू शकते हे त्याला दिसलेच नाही.

ही क्षमा आधी दिसावी लागते. आपल्याच देशातील एक उदाहरण घेऊ.

सिस्टर राणी मारिया या केरळच्या फ्रान्सिस्कन क्लारिस्ट धर्मभगिनी. मध्य प्रदेशात उदयनगर भागात त्या आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडवण्यासाठी झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसप्रवासात समुंदर सिंग याने सुऱ्याने वार करून त्यांची हत्या केली. त्याला भरीस घालणारे दुसरेच होते. जन्मठेप मात्र त्याला झाली, आणि तुरुंगात त्याच्या मनात सूड धुमसत राहिला. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक धर्मगुरू त्याला भेटू लागले. मग २००२ साली सिस्टरांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या हातावर राखी बांधली. ज्या हाताने सुरा धरला होता, त्या हाताशी भावाचे नाते जोडले!

सिस्टरांच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेलाही पाठिंबा दिला. २००६ साली तो सुटला, केरळात जाऊन त्याने आईवडिलांची क्षमा मागितली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित केले, तेव्हा तो तेथे हजर होता. अकरा वर्षांचा तुरुंगवास क्षमेने पुसला गेला नाही, आणि गेलेला जीवही परत आला नाही. पण ज्याला राखी मिळाली, त्याला आपण काय केले हे उघड्या डोळ्यांनी पाहता आले. न्यायालयाचा निकाल तेवढे करू शकला नव्हता, असे आम्हाला वाटते.

दहा कुष्ठरोगी आठवा (लूक १७:११-१९). बरे दहाही झाले. येशूच्या पायाशी परत आला तो एकटा शोमरोनी. लूकने त्याच्या आभारासाठी जे ग्रीक क्रियापद वापरले, त्याच घराण्यातला 'युखरिस्त' हा शब्द आपण मिस्साबलिदानासाठी वापरतो. संत ऑगस्तीन यांच्या लॅटिनमध्येही 'कन्फेस्सिओ' म्हणजे पापाची कबुली, आणि देवाची स्तुतीसुद्धा. (तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे ऐकले तेव्हा आम्ही परीक्षेपुरते लिहून घेतले. समजायला वीस वर्षे लागली.)

मिलानचे आर्चबिशप कार्डिनल मार्तिनी सुचवीत की, पापनिवेदनाची सुरुवात पापांनी न करता आभाराने करावी. गेल्या पापनिवेदनानंतर देवाने आपल्यासाठी काय केले, कोणामार्फत केले, हे आधी सांगावे. आम्ही ते करून पाहिले. यादी छोटी झाली, पण तिच्यात एक नाव आले. एका सहकाऱ्याने आमची चूक पोटात घातली होती, आणि आम्ही त्यांना वर्षभर साधा फोनही केला नव्हता. त्या संध्याकाळी केला.

दर शनिवारी सायंकाळच्या मिस्सेआधी अर्धा तास आम्ही पापनिवेदनासाठी बसलेले असतो. यादी घरी राहिली तरी चालेल. एक आभार मात्र सोबत घेऊन या.

आपले धर्मगुरू