झुमरीतलैयाचे पोस्टकार्ड

नभोवाणीवरील फर्माइशी गीतांचा कार्यक्रम तुम्ही कधी ऐकला आहे काय? प्रथम निवेदक गीताची ओळख करून देतो. चित्रपट कोणता, गायक कोण, गीत कोणी लिहिले, त्याला चाल कोणी लावली, हे सारे तो सांगतो. आणि मग ज्यांनी त्या गीताची मागणी केलेली असते, त्यांची नावे गावांसह वाचून दाखवितो. गीत तीन मिनिटांत संपते. परंतु ही नामावळी कधी कधी गीताहूनही लांब वाटते.

काही दशकांपूर्वी या नामावळीत एका गावाचे नाव इतक्या वेळा येत असे, की ते देशभर लोकांच्या तोंडी बसले होते. ते नाव म्हणजे झुमरीतलैया. नाव असे गमतीचे, की पुष्कळांना वाटे, हे गाव निवेदकाने थट्टेने रचले असावे. पृथ्वीच्या पाठीवर ते कोठेही नसावे. पण मुलांनो, झुमरीतलैया हे खरोखरीचे गाव आहे. पूर्वी ते बिहारच्या हजारीबाग जिल्ह्यात होते; आज ते झारखंड राज्याच्या कोडरमा जिल्ह्यात आहे. जवळच बराकर नदीवर १९५३ साली पुरे झालेले तिलैया धरण आहे. या परिसरात अभ्रकाच्या मोठ्या खाणी होत्या. अभ्रकाचे पातळ पापुद्रे विजेच्या उपकरणांत वापरतात. त्या काळच्या रेडिओ यंत्रांतही ते वापरीत असत. म्हणजे या प्रदेशाच्या भूमीने रेडिओला अभ्रक दिले आणि येथील माणसांनी त्याला पत्रे दिली! दुकानात, कचेरीत, घरी बसून हे लोक पोस्टकार्डे लिहीत आणि आवडत्या गीतांची मागणी करीत.

एका साध्या पोस्टकार्डाने असे काय साधते, असे तुम्ही विचाराल. ते समजण्यासाठी आपणांस १९५२ सालाकडे वळले पाहिजे.

त्या वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे भारताचे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांचा जन्म पुण्याचा. ते विद्वान होते आणि त्यांनी शास्त्रीय गायनाचे शिक्षणही घेतलेले होते. देशाच्या नभोवाणीने लोकांची अभिरुची उंच करावी, अशी त्यांची तळमळ होती. त्यांच्या काळात शास्त्रीय संगीताचे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले, संगीत संमेलने भरू लागली आणि अनेक गुणी कलावंतांना घरोघर श्रोते मिळाले. हे कार्य खचित मोलाचे होते. परंतु चित्रपटगीते त्यांना हलक्या दर्जाची वाटत. म्हणून सरकारी केंद्रांवरून त्यांचे प्रमाण फारच कमी करण्यात आले. गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही चित्रपटाची जाहिरातच होय, असे म्हणून ते सांगणेही थांबविण्यात आले. यामुळे चित्रपट निर्माते रुष्ट झाले व त्यांनी आपली गीते वाजविण्याची परवानगी काढून घेतली. पाहता पाहता चित्रपटगीते देशाच्या नभोवाणीवरून दिसेनाशी झाली.

येथे एक प्रश्न उभा राहतो. उत्तम तेच लोकांना द्यावे, हा विचार वाईट नव्हे. घरातील वडील माणसेही मुलांना हेच सांगत नाहीत काय? पण दिवसभर कष्ट करून घरी आलेल्या माणसाने सायंकाळी कोणते गीत ऐकावे, हे दुसऱ्याने ठरवावे काय? आणि ठरविलेच, तर त्या माणसाला निदान विचारावे की नाही?

लोकांनी या प्रश्नावर सभा भरविल्या नाहीत. त्यांनी रेडिओची कळ फिरविली, आणि काटा जाऊन थांबला तो सिलोनवर!

सिलोन म्हणजे आपल्या दक्षिणेचे बेट. १९७२ सालापासून त्याला श्रीलंका म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने आपल्या सैनिकांसाठी तेथे एक शक्तिमान ध्वनिक्षेपण केंद्र उभारले होते. युद्ध संपल्यावर ते सिलोन सरकारच्या हाती आले. कोलंबोहून झुमरीतलैया सुमारे २००० किलोमीटर दूर आहे. मग तेथील आवाज इतक्या दूर कसा पोहोचे? रेडिओच्या लघुलहरी आकाशाकडे जातात. वातावरणाच्या अतिशय उंच अशा विद्युद्भारित थरापर्यंत पोहोचल्या, की तेथून त्या पुन्हा पृथ्वीकडे वळतात. चेंडू भिंतीवर आपटून दूर उडावा, तशा त्या समुद्र आणि डोंगर ओलांडून दूरच्या प्रदेशात उतरतात. अशा रीतीने मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली गीते सिलोनला जात आणि तेथून आकाशमार्गे परत भारतात येत. आपल्याच घरचे पाणी परक्याच्या विहिरीतून भरून आणावे, तसा हा प्रकार होता.

३ डिसेंबर १९५२ या दिवशी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे निवेदक होते अमीन सयानी. तेव्हा त्यांना वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई. त्याच्या फिती विमानाने कोलंबोस जात आणि बुधवारी रात्री आठ वाजता तो साऱ्या भारतात ऐकू येई. सयानी श्रोत्यांना संबोधताना आधी बहिणींचे नाव घेत आणि मग भावांचे. त्यांचे बोलणे सोपे व प्रेमळ असे. जणू ओसरीवर बसून घरचेच कोणी बोलत आहे!

आरंभी या कार्यक्रमात सात गीते वाजवून श्रोत्यांसाठी एक स्पर्धा ठेवलेली असे. पहिल्याच कार्यक्रमानंतर सुमारे ९००० पत्रे आली, असे सयानी पुढे सांगत असत. वर्षभरात हा आकडा आठवड्याला साठ हजारांच्या पुढे गेला. इतकी पत्रे उघडणे, वाचणे आणि तपासणे अशक्य झाले. तेव्हा स्पर्धा बंद करून १९५४ सालापासून त्या आठवड्याची लोकप्रिय गीते क्रमाने वाजविण्याची पद्धत सुरू झाली. गीताच्या क्रमांकाला सयानी ‘पायदान’ म्हणत. पायदान म्हणजे पायरी. खालच्या पायरीपासून एकेक गीत वर चढत जाई, आणि पहिल्या पायरीवर कोणते गीत उभे आहे, हे ऐकण्यासाठी लोक श्वास रोखून बसत.

मात्र क्रम लावावयाचा म्हणजे मोजणी आली, आणि मोजणी आली म्हणजे न्याय हवा. प्रथम दुकानांत कोणत्या गीताच्या ध्वनिमुद्रिका किती खपल्या, यावरून क्रम ठरे. पण एखादी ध्वनिमुद्रिका दुकानात संपून जाई. लोकांना हवी असूनही ती मिळत नसे, आणि ते गीत विनाकारण मागे पडे. शिवाय ज्याच्यापाशी ध्वनिमुद्रिका घेण्याइतके पैसे नाहीत, त्याच्या आवडीची गणना कोठे होणार? म्हणून गावोगावी ‘श्रोता संघ’ निघाले. संघाचे सभासद एकत्र बसून आपल्या पसंतीची यादी करीत व ती दर आठवड्याला पाठवीत. खप आणि संघांची मते अशी दोन्ही बाजूंनी मोजणी होऊ लागली. आणखी एक सुंदर नियम होता. एखादे गीत पुष्कळ आठवडे यादीत टिकले, की त्याला ‘सरताज गीत’ असा किताब देऊन मानाने निवृत्त करीत. त्याची जागा नव्या गीताला मिळे. ज्याला पुष्कळ मिळाले त्याने आनंदाने दुसऱ्यास वाट द्यावी, हा धडा त्यात नव्हता काय?

इकडे आपला देश कान बंद करून बसला नव्हता. आपले श्रोते परक्या केंद्राकडे का गेले, हे सर्वांना दिसत होते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ ही नवी सेवा सुरू केली. हिंदी कवी पंडित नरेंद्र शर्मा यांनी तिच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. ज्यांच्या कारकीर्दीत चित्रपटगीते दूर झाली होती, त्याच मंत्र्यांच्या कारकीर्दीत ती या सेवेतून परत आली. आपल्या निर्णयात बदल करणे म्हणजे पराभव नव्हे. लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याचा तो मोठेपणा होय. शास्त्रीय संगीताचे कार्यक्रमही चालू राहिले आणि लोकांची आवडही जपली गेली. मराठी श्रोत्यांसाठी आकाशवाणीचा ‘आपली आवड’ हा कार्यक्रम असाच लाडका झाला. चित्रपटगीते आणि भावगीते यांच्या फर्माइशी त्यातून पुरविल्या जात, आणि गावोगावच्या घरी आपले नाव ऐकण्यासाठी मंडळी रेडिओभोवती जमत.

विविध भारतीवरील ‘जयमाला’ हा कार्यक्रम सैनिकांसाठी होता. हिमाच्छादित सीमेवर, वाळवंटात किंवा दूरच्या ठाण्यावर पहारा करणारे जवान आपल्या आवडीची गीते पत्राने कळवीत. निवेदक त्यांची नावे आदराने वाचून दाखवी. क्षणभर मनात चित्र आणा. एखाद्या खेड्यात सायंकाळी रेडिओ लागला आहे. चुलीपाशी आई भाकरी थापीत आहे. इतक्यात तिच्या मुलाचे नाव उच्चारले जाते. गीत कोणते, याकडे तिचे लक्षही नसेल! आपल्या मुलाला आज एक गाणे ऐकावेसे वाटले, एवढ्यानेच तिचे डोळे भरून येतील.

आता झुमरीतलैयाच्या पोस्टकार्डाकडे परत येऊ. त्या गावच्या लोकांनी इतकी पत्रे का लिहिली असतील? गीत ऐकावयाचे एवढाच हेतू असता, तर शेजारच्या दुकानातील रेडिओ पुरेसा होता. ते गीत कोणीतरी मागितले असतेच. पण साऱ्या देशाला ऐकू जाईल असे आपले आणि आपल्या गावाचे नाव उच्चारले जावे, ही इच्छा त्या पत्रांमागे होती. मोठ्या शहरांची नावे रोज वर्तमानपत्रांत छापून येतात. लहान गावाचे नाव कोण घेतो? ते पोस्टकार्ड जणू म्हणत असे, ‘आम्हीही येथे आहोत. आम्हालाही काही आवडते.’

या उत्साहात चढाओढही होती. कोणाची फर्माईश अधिक वेळा लागते, अशी पैज तेथे चाले. प्रतिस्पर्ध्याची पत्रे टपालातूनच नाहीशी व्हावीत म्हणून कोणी खटपट करी, असेही गमतीने सांगतात. ही गोष्ट ऐकून आपणांस हसू येते. पण जरा विचार करा. एकाच माणसाने दहा खोट्या नावांनी दहा पत्रे टाकली, तर नऊ खऱ्या माणसांची जागा तो अडवितो. दुसऱ्याचे पत्र कोणी दडविले, तर तो त्याचा आवाजच दडवितो. मागणी करण्याचा हक्क गोड आहे. परंतु आपले नाव एकदाच आणि खरे लिहावे, व दुसऱ्याचे नाव पुसू नये, एवढे बंधन पाळले तरच तो सर्वांचा राहतो. मोठेपणी तुम्ही मतपेटीपाशी जाल, तेव्हाही हीच गोष्ट तुम्हांला आठवली पाहिजे.

फर्माइशीची आणखी एक गंमत आहे. आपण घरी एकटे गाणे ऐकतो, तेव्हा ते आपल्यापुरते असते. नभोवाणीवर मागितलेले गाणे मात्र आपल्याबरोबर हजारो अनोळखी माणसे ऐकतात. आणि त्या गीतामागून जे दुसरे गीत येते, ते आपण मागितलेले नसते. कोणा परक्याने मागितलेले असते. तेही आपण ऐकतो, आणि कित्येकदा तेच आपल्याला अधिक आवडते! अशा रीतीने एकमेकांना कधीही न पाहिलेली माणसे एकमेकांची आवड ओळखू लागतात.

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत निवर्तले. आता बहुतेक माणसांच्या हाती स्वतःचे यंत्र असते. हवे ते गीत बोटाच्या स्पर्शाने ऐकता येते. मागावे लागत नाही आणि वाटही पाहावी लागत नाही. सोय मोठी झाली, यात संशय नाही. तरीही नभोवाणीवर फर्माइशींचे कार्यक्रम होतात आणि लोक दूरध्वनीने व संदेशाने आपले नाव कळवितात. कारण गीत विकत मिळते. पण आपल्या गावाचे नाव घेऊन आपल्या वतीने ते साऱ्यांना ऐकविणारा आवाज विकत मिळत नाही. तो मागावा लागतो; आणि मागताना दुसऱ्याच्या मागणीलाही मान द्यावा लागतो.

स्वाध्याय

१. झुमरीतलैया हे गाव काल्पनिक आहे, असे लोकांना का वाटे?
२. सिलोनच्या केंद्रावरील आवाज भारतात कसा पोहोचत असे, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. ‘आपल्याच घरचे पाणी परक्याच्या विहिरीतून भरून आणावे, तसा हा प्रकार होता.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. केवळ ध्वनिमुद्रिकांच्या खपावरून गीतांचा क्रम ठरविण्यात कोणता अन्याय होता? तो दूर करण्यासाठी काय केले गेले?
५. ‘लोकांना उत्तम तेच द्यावे’ आणि ‘लोकांना आवडते ते द्यावे’ या दोन विचारांपैकी तुम्हांला कोणता अधिक पटतो? कारणे देऊन दहा ओळी लिहा.
६. उपक्रम : वर्गातील प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक गीत चिठ्ठीवर लिहावे. सर्व चिठ्ठ्या मोजून गीतांचा क्रम लावा. मोजणी निर्दोष व्हावी म्हणून कोणते नियम कराल, ते आधी चर्चेने ठरवा.