संघात नाव नसलेली मुलं

सहावीत गेल्यावर माझा मुलगा हौसेने कबड्डीच्या सरावाला जाऊ लागला. गणपतीनंतर एका संध्याकाळी घरी येऊन त्याने सांगून टाकलं, "आई, माका आता जावचा नाय." दुसऱ्या दिवशी मी स्वतः मैदानावर जाऊन उभी राहिले. तालुक्याची स्पर्धा तोंडावर होती. आठवीतली दांडगी पोरं चढाया करत होती आणि किरकोळ अंगाची चार-पाच मुलं त्यांच्या बाटल्या राखत बाहेर बसली होती. प्रशिक्षकांना विचारलं तर म्हणाले, "वहिनी, त्याच्यात दम नाही."

दमाचा प्रश्न नव्हताच. शालेय स्पर्धांत 14 वर्षांखालील असा गट असतो, त्यात अकराचं मूल आणि चौदाला टेकलेलं मूल एकत्र येतात. शिवाय या वयात कुणाचं अंग आधी भरतं, कुणाचं दोन वर्षांनी. स्पर्धा जिंकायची म्हटली की आधी वाढलेल्यांची निवड होते, आणि उरलेल्यांना वाटतं, आपल्याला खेळता येत नाही. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2009 मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथे आधी शरीर कमावलं आणि मग नेमबाजी निवडली. ऑलिंपिकचं कांस्य मिळालं 2024 मध्ये. सहावीतल्या पोराचा निकाल इतक्या लवकर कसा लावायचा?

आम्ही खेळ बदलला, पोहणं घेतलं. पोहण्यात राखीव खेळाडू नसतो. ज्याचं नाव दिलं तो पाण्यात उतरतोच, आणि स्वतःच्याच मागच्या वेळेशी झुंजतो. डिसेंबरात मालवणच्या चिवला बीचवर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते, त्यात वयोगटांनुसार अंतरं असतात. माझा मुलगा मागच्या मुलांत आला, तरी पुढच्या वर्षीचा बेत त्याने त्याच दिवशी सांगितला.

पण किनाऱ्यावर राहतो म्हणून मुलांना पोहता येतंच, असं समजू नका, आणि समुद्रालाही गृहीत धरू नका. 2017 च्या एप्रिलमध्ये मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावचे आठ विद्यार्थी बुडाले. शिकवणारं जाणतं माणूस सोबत असल्याशिवाय मुलाला समुद्रात सोडू नये, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. त्या महिन्यांसाठी टेबल टेनिस, दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार असं काहीतरी छपराखालचं आधीच ठरवून ठेवावं. चार महिने खंड पडला की मूल परत वळत नाही.

गावात राहणाऱ्यांनी एसटीची वेळ आधी बघावी. सराव साडेसहाला सुटतो आणि गाडी सहाला जाते, असं असेल तर हौस फार टिकत नाही. दोन-तीन घरांनी मिळून आळीपाळीने मुलांना आणावं. मुलगी असेल तर मैदानाजवळ स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा आहे का, ते विचारा. पाळी सुरू झाल्यावर बऱ्याच मुलींचा खेळ या साध्या अडचणीपायी सुटतो.

दहावीच्या सवलतीच्या गुणांचं आमिष मात्र दाखवू नका. ते गुण वरच्या स्पर्धांपर्यंत पोचणाऱ्यांसाठी असतात. निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. आपल्याकडे मार्कांची कमी नाही, सातवीनंतर शिकवणीतून संध्याकाळ सुटायची मारामार आहे. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं घाम काढणारी हालचाल सांगते. शिकवणीचं वेळापत्रक ठरवताना तो तास आधी बाजूला काढा.

आणि फी भरण्याआधी एक सराव सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. सगळ्यात लहान चणीचं मूल कोणतं ते हेरा आणि ते किती वेळ खेळलं, किती वेळ बसलं, ते घड्याळावर मोजा. बसण्याचा वेळ जास्त भरला, तर ती जागा आपल्या मुलासाठी नाही. दुसरी मिळेपर्यंत खळ्यातलं क्रिकेट चालू राहू दे.